इवाईबुवांचा ऑफसाइड गोल

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी फुटबॉल बघितला जातो. बडनेऱ्याच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर मी आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते; आणि टीपॉयवर तांब्याला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलमध्ये, अकोल्याच्या घरून, माझे बाबा. तिकडे इंग्लंडात दुपार असते, आपल्याकडे दिवेलागण. माझ्या नवऱ्याला फुटबॉल कळत नाही. ज्या घरात बायकोला आणि बापाला तो इतका कळतो तिथे आपल्याला कळून काय करायचं, असं त्याचं म्हणणं.

या व्यवस्थेत एक अडचण आहे. बाबांकडे डिश आहे आणि आमच्याकडे मॅच नेटवरून येते. त्यामुळे गोल आधी अकोल्यात होतो आणि मग वीस-पंचवीस सेकंदांनी बडनेऱ्यात. मोबाइलमधून "गोऽऽल!" अशी आरोळी येते तेव्हा आमच्या टीव्हीवर तोच खेळाडू खाली बसून बुटाची नाडी बांधत असतो. मामाजी कितीदा तरी म्हणाले असतील, "इवाईबुवा, जरा दम धरत जा नं." व्याह्याला आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. बाबांनी कधी दम धरला नाही.

पुढे तो त्यांना धरावाच लागला. गोल तपासायला व्हिडिओ आला आणि आम्हा तिघांचंही ओरडणं बंद झालं. आता गोल झाला की आम्ही एकमेकांकडे बघतो. रेफरीनं कानाला हात लावला की समजायचं, वर कुठेतरी खोलीत बसलेली माणसं परत परत चित्र फिरवून बघताहेत. मग पडद्यावर लाल रेघ येते, निळी रेघ येते, त्या रेघा पुढेमागे सरकतात. एकदा तर आमच्या लाडक्या लाल जर्सीवाल्यांचा गोल तपासायला इतका वेळ लागला की सासूबाईंनी तेवढ्यात दोरीवरचे कपडे आणून, त्यांच्या घड्या घालून, कपाटात ठेवून दिले. शेवटी निकाल आला. ऑफसाइड. बुटाच्या टोकानं.

"अंगठ्याच्या नखानं ऑफसाइड!" मोबाइलमध्ये बाबा उभे राहिले, त्यामुळे आम्हाला फक्त त्यांचं पोट दिसायला लागलं. "नखं कापून आला असता तं गोल होता!"

मामाजी शांतपणे म्हणाले, "तुमीच म्हनत होते नं, मशीन पाह्यजे म्हनून?"

बाबा परत खाली बसले. कारण मशीन पाहिजे असं ते खरोखरच म्हणत होते, आणि एक-दोन वर्षं नव्हे, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून म्हणत होते. त्याला कारण मामाजीच.

मामाजी रेल्वेत गार्ड होते. नोकरीत शिट्टी आणि झेंडा, सुट्टीतही शिट्टी आणि झेंडा. कारण रविवारी ते फुटबॉलच्या मॅचेसना रेफरी म्हणून जात. बडनेरा, अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, जिथे बोलावतील तिथे. काळी हाफपँट, काळा शर्ट, केसांना तेल. बाबा अकोल्यात ऑइल मिलमध्ये फिटर आणि तिथल्या एका क्लबचे कॅप्टन. फॉरवर्ड म्हणून, नऊ नंबरच्या जर्सीत खेळायचे. डोक्यानं गोल करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, असं तेच सांगतात, आणि ते बऱ्यापैकी खरं असावं, कारण त्यांच्या जुन्या दोस्तांनीही ते कधी खोडून काढलेलं नाही.

एका वर्षी अकोल्यातल्या स्पर्धेची फायनल बाबांचा क्लब आणि अमरावतीचा एक संघ यांच्यात झाली. मीही मैदानावर होते म्हणे, आईच्या मांडीवर. अमरावतीवाले एका गोलनं पुढे होते. शेवटची काही मिनिटं उरली असताना उजवीकडून बॉल आला, बाबा उडाले, बॉल जाळीत. अख्खं अकोला मैदानात उतरलं. आणि शिट्टी वाजली. ऑफसाइड. लाइन्समनचा झेंडा वर गेलेला नव्हता. रेफरीनं स्वतःच्या नजरेवर निकाल दिला होता. बाबा त्याच्या अंगावर धावून गेले, दोघातिघांनी त्यांना मागे ओढलं, मॅच संपली, कप अमरावतीला गेला. अकोल्यात अजूनही साठीच्या पुढच्या दोन माणसांना गाठून त्या मॅचचा विषय काढलात, तर तुमची बस चुकेल.

त्यानंतर वीसेक वर्षांनी मला बघायला बडनेऱ्याहून पाहुणे आले. मुलगा सरकारी नोकरीत, मी शाळेत गणित शिकवत होते, मध्यस्थानं सगळं जुळवून आणलेलं. आईनं केलेल्या चिवड्याच्या बशा मी आणून ठेवल्या आणि बघते तर बाबा मुलाकडे बघतच नव्हते. ते मुलाच्या वडिलांकडे बघत होते. खूप वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"तुमी कदी अकोल्यात शिट्टी वाजवली काय?"

"वाजवली नं. लय वाजवली," मामाजी कौतुकानं म्हणाले. कुणीतरी आपल्याला ओळखलं याचा त्यांना आनंद झाला असावा.

"फायनल वाजवली?"

मामाजींचा बशीतला हात थांबला. त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "नऊ नंबर?"

"नऊ नंबर."

खोलीत कुणाला काही कळेना. मध्यस्थानं पावसापाण्याचा विषय काढून पाहिला.

"तो ऑफसाइड नव्हता," बाबा म्हणाले.

"होता."

"मी तठी होतो!"

"मी बी तठीच होतो."

माझं लग्न त्या दिवशी मोडायचंच. सासूबाईंनी सांभाळलं. त्या आईला म्हणाल्या, "पोरगी आवडली आमाले. या दोघाइचं काय, बसतीन भांडत, त्याइले दुसरी खोली द्या." पाहुणे गेल्यावर आईनं बाबांना विचारलं, काय ठरवायचं. बाबा बराच वेळ पानाच्या डब्याची उघडझाप करत बसले आणि म्हणाले, "पोरगा चांगला हाये. बाप ऑफसाइड देते, पन पोरगा चांगला हाये."

अशी सोयरीक झाली. तेव्हापासून दिवाळी, बारसं, वास्तुशांत, कुणाचं तेरावं, काहीही असो, जेवणं झाली की हे दोघं ओसरीवर नाहीतर गच्चीवर जाऊन बसत आणि त्या एका गोलाची चर्चा करत. भांडण म्हणावं तर त्यात राग उरला नव्हता. चर्चा म्हणावं तर दोघांपैकी कुणीही तसूभर हलत नव्हता. बाबांचं एकच वाक्य: "त्या वेळी कॅमेरा असता तं दाखवलं असतं." आणि मामाजींचंही एकच: "रेफरीचा डोया हाच कॅमेरा."

म्हणून इंग्लंडात व्हिडिओनं निकाल तपासायला लागले तेव्हा बाबांना वाटलं, आपलंच म्हणणं साता समुद्रापार पोचलं.  मैदानावरचा रेफरी धावत जाऊन छोट्या टीव्हीत डोकं घालतो, हे मामाजींना मात्र बघवत नसे. "हा मानूस शाळेतल्या पोट्ट्यासारका तपासून घ्याले चालला," असं म्हणून ते पाणी प्यायला उठायचे. एखाद्या रेफरीनं टीव्ही बघूनही आपला मूळ निकाल कायम ठेवला की मात्र त्यांची छाती फुगे. मी या दोघांच्या मध्ये. मला चुकीचा निकालही सहन होत नाही आणि चार मिनिटांची वाट बघणंही सहन होत नाही. त्यातून मी गणिताची बाई. ती रेघ नेमकी कुठल्या क्षणी थांबवलेल्या चित्रावर ओढली, बॉल पायाला लागताना की सुटताना, असा प्रश्न मला पडतो आणि मी तो मोठ्यानं विचारते, त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडतात.

मागच्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी पेपर तपासत होते. त्यांचा आवाज जरा चढलेला.

"कॅसेट सापडली."

"कसली?"

"फायनलची!"

झालं होतं असं. माझ्या धाकट्या भावाच्या जावळाची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर करून घ्यायला बाबा अकोल्यातल्या एका फोटो स्टुडिओत गेले होते. स्टुडिओवाला माळा आवरत होता. लग्नांच्या कॅसेट्सच्या ढिगात त्याच्या वडिलांच्या अक्षरात स्पर्धेचं नाव लिहिलेली एक निघाली. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं त्या वर्षी बक्षीस समारंभाचं शूटिंग करायला लग्नाचा कॅमेरावाला बोलावला होता, हे सगळेच विसरून गेले होते. बाबांनी ती तिथेच उभ्याउभ्या लावून बघितली नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "इवाईबुवांच्या समोरच पाहू. मागून कोनी म्हनाले नको."

रविवारी सकाळच्या गाडीनं ते बडनेऱ्याला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेनड्राइव्ह, आणि तो आहे की नाही हे दर दोन मिनिटांनी चाचपून बघणं. मामाजी पहाटेच अंघोळ करून बसले होते. नवऱ्यानं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. सासूबाई खाली चटईवर तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या.

सुरुवातीला नुसते हार. पाहुण्यांना हार, पंचांना हार, ढालीला हार. मग प्रमुख पाहुणे बोलताना, पाणी पिताना, घाम पुसताना. मागून मॅचचा आवाज येतोय, पण कॅमेरा काही तिकडे वळत नाही. बाबा खुर्चीच्या टोकावर. "फिरव ना बे तो डब्बा," ते त्या मेलेल्या कॅमेरावाल्याला म्हणाले. शेवटी पाहुणे फराळाला उठले असावेत, कारण कॅमेरा एकदम मैदानाकडे वळला. मंडप गोलच्या कोपऱ्याजवळ होता. याहून बरी जागा मिळाली नसती.

आणि तिथे बाबा होते. सडपातळ, दाट केसांचे, मोजे घसरलेले. मी त्यांना असं कधी बघितलेलंच नव्हतं. मामाजीही होते, काळ्या कपड्यात, आज आहेत त्याच्या निम्मे.

उजवीकडून बॉल आला. बाबा उडाले. बॉल जाळीत. लोक आत धावले. शिट्टी.

"लाव परत," दोघं एकदम म्हणाले.

आम्ही ते किती वेळा बघितलं कुणास ठाऊक. चित्र अंधुक, रंग उडालेले, मधूनच आडव्या पांढऱ्या रेघा. मामाजींनी मला सांगितलं, "बेटा, तू गनिताची हायेस. बॉल सुटते तठी थांबव अन् रेघ पाड." सासूबाईंच्या डब्यातला काळा दोरा घेऊन मी तो टीव्हीवर ताणून धरला, एक टोक मी, एक टोक नवऱ्यानं. गोलच्या रेषेशी समांतर धरायचा तर कॅमेरा तिरका, म्हणून मैदानावरच्या चुन्याच्या रेघा बघून अंदाज घ्यावा लागला. बाबांच्या आणि गोलच्या मध्ये गोलकीपर सोडून कुणीच दिसेना.

"पाहा," मामाजी म्हणाले. पण त्यांनीच पुढे वाकून बोट ठेवलं. "हे काय हाये?"

गोलच्या खांबाच्या बुडाशी काहीतरी पांढरं होतं. मला तो चुन्याचा डाग वाटला होता. दोन चित्रं पुढे गेल्यावर तो डाग उठून उभा राहिला. अमरावतीचा एक बचावपटू मघाच्या गर्दीत पडला होता, आणि बॉल सुटला त्या क्षणी तो खांबाजवळ जमिनीवर होता. म्हणजे बाबांच्या पुढे गोलकीपर आणि तो, असे दोघं. आणि नियमाप्रमाणे पुढे दोघं असले की ऑफसाइड नाही.

मामाजी मागे टेकले.  मग म्हणाले, "मी या बाजूनं होतो. मले खांब आडवा आला." आणि जरा थांबून, "ऑफसाइड नव्हता, इवाईबुवा. चुकलं माझं."

मी बाबांकडे बघितलं. या वाक्यासाठी माणूस तीस वर्षं थांबला होता. आता ते उड्या मारतील, आईला फोन लावतील असं मला वाटलं. ते मान खाली घालून हातावर हात चोळत बसले होते. आनंदानं गहिवरलेत, असं मी समजले.

तेवढ्यात खाली बसलेल्या सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "पन अजी, बॉल तं इवाईबुवाइच्या डोक्याले लागलाच नाई."

"काय?" नवरा म्हणाला.

"लागला कुठी? वरून गेला. तो मांगचा मानूस हाये नं बुटका, त्यानं मारला."

नवऱ्यानं परत लावलं. हळू केलं. बाबा उडाले, मान मागे घेतली, आणि बॉल त्यांच्या केसांवरून चार बोटं वरून गेला. त्यांच्या मागे, त्यांच्याच क्लबच्या जर्सीतला, अकरा नंबरचा एक बुटका खेळाडू होता. बॉल त्याच्या कपाळाला लागून जाळीत गेला. तो दोन्ही हात वर करून धावला, आणि चार पावलांवर शिट्टी ऐकून थांबला. हात तसेच वर. मग लोकांची लाट आली आणि तो तिच्यात दिसेनासा झाला. बाबा तोवर रेफरीच्या अंगावर पोचले होते.

 फुटबॉलमध्ये इतकी वर्षं घालवलेले आम्ही तिघं त्या दोऱ्याकडे बघत होतो, आणि बॉलकडे फक्त सासूबाईंचं लक्ष होतं.

बाबा उठले. "तीनची गाडी हाये," ते म्हणाले. एक वाजला होता. मी जेवायला थांबवलं, ते थांबले, दोन घास खाल्ले आणि गेले. पेनड्राइव्ह टीव्हीलाच राहिला.

पुढचे आठ दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही. शनिवारी मॅचलाही आले नाहीत. आई म्हणायची, "गच्चीवर हायेत. टाकी साफ करून राह्यले." टाकी तिसऱ्यांदा साफ होत होती. इकडे मामाजी वेगळ्याच काळजीत. चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाले, "एका मॅचची कॅसेट निघाली. बाकीच्याइचं काय? कोनाकोनाचं काय काय मारलं असन म्या?" मी म्हटलं, मामाजी, बरोबर दिलेलेही असतीलच की. "ते कोन लक्षात ठेवते?" ते म्हणाले.

नवव्या दिवशी बाबांनी आपणहून फोन केला. "तो अकरा नंबर तेल्हाऱ्याचा हाये. हेडमास्तर होता, रिटायर झाला. पत्ता काढला म्या. रविवारी जाऊ. इवाईबुवा येतीन काय, इचार."

इवाईबुवा लगेच तयार झाले.

नवरा गाडी चालवायला. अकोल्यात बाबांना घेतलं, अकोट मागे टाकलं. कापूस वेचून झालेल्या पराट्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. बाबा पुढच्या सीटवर, मामाजी मागे माझ्याजवळ.  मग बाबांनी मागे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"मले मालूम होतं."

मी विचारलं, "काय?"

"डोक्याले बॉल लागला का नाई, हे काय सांगा लागते काय? मले तठीच मालूम होतं. पन मी कॅप्टन होतो, भांडाले मीच गेलो. लोक म्हनाले, भौ तुहा गोल खाल्ला रे त्यानं. मी म्हनलं, हो. पह्यल्या दिवशी नुसतं हो म्हनलं. मंग सांगता सांगता..." त्यांनी काच थोडी खाली केली. "मंग मलेच दिसाले लागलं, डोक्याले लागून चालला म्हनून. खरं सांगतो पोरी, मले ठन्न करून आवाज बी यायचा."

मामाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले बी तुमीच दिसले होते. तो दिसलाच नाई."

तेल्हाऱ्यात घर शोधायला वेळ लागला नाही. हेडमास्तर म्हटल्यावर पहिल्याच पानटपरीवाल्यानं दाखवलं. दारावर पंचरंगी पताका, अंगणात जास्वंद, आणि बनियनवर वर्तमानपत्र वाचत बसलेले एक बुटके गृहस्थ. बाबांना बघून ते उभे राहिले आणि पळत आत गेले. शर्ट घालून बाहेर आले.

"कॅप्टन!" ते म्हणाले. "तुमी इकडे काहून?"

बाबांनी मामाजींची ओळख करून दिली. हेडमास्तर हसले. "यायले कोन वयखत नाई? लय शिव्या घातल्या आमी यायले."

"घालाच," मामाजी म्हणाले.

बाबांनी काही प्रस्तावना केली नाही. मी फोनवर तेवढाच तुकडा घेऊन ठेवला होता, तो लावून त्यांच्या हातात दिला. हेडमास्तरांनी चष्मा बदलून बघितला. परत बघितला. मग आत हाक मारली. "अवो, या जरा बाहेर." त्यांची बायको हात पुसत आली. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला, बोटानं अकरा नंबर दाखवला.

तिनं बघितलं. "तुमीच काय हे?"

"मंग? सांगतलं नव्हतं तुले?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली, आणि आमच्याकडे बघून जरा अवघडून हसली. "मले वाटे, असंच सांगून राह्यले. अकोल्याचे सारेच लोक कॅप्टनचं नाव घेत."

बाबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "मास्तर, तुमी बोलले काहून नाई कदी? माझा होता म्हनून?"

हेडमास्तर विचारात पडले. "गोल रद्द झाला होता नं, कॅप्टन. झाला असता तं सांगतलं असतं. नाई झालेल्या गोलवर काय हक्क सांगाव? अन् दुसरं म्हनजे..." ते थांबले. "तुमी त्या रेफरीसंग भांडून राह्यले होते, मले वाटलं माह्यासाठीच भांडून राह्यले. मले लय बरं वाटलं होतं तवा."

 बाबांनी हेडमास्तरांचा हात हातात घेतला आणि तो नुसता धरून ठेवला. ते दृश्य बघणं मला कठीण झालं, म्हणून मी जास्वंदीकडे बघत बसले.

हेडमास्तरांनीच मोकळं केलं. मामाजींकडे वळून म्हणाले, "मंग साहेब? निर्नय काय तुमचा?"

मामाजी खुर्चीतून उठले. गुडघे धरून, सावकाश. अंगणाच्या मध्याकडे हात लांब केला, गोल मान्य झाल्यावर रेफरी मैदानाच्या मध्याकडे करतो तसा, आणि म्हणाले, "गोल. अकरा नंबर."

"एक-एक," हेडमास्तर म्हणाले. "आता एक्स्ट्रा टाइम खेळा लागते. तुमचे गुडघे चालतीन काय, कॅप्टन?"

मग सगळेच हसायला लागले. बाबा जरा उशिरा हसले, पण हसले.

जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. जेवताना तिघं बोलले ते शाळांच्या पटाबद्दल, रेल्वेच्या पेन्शनबद्दल, ऑइल मिल बंद पडल्या त्याबद्दल. फुटबॉलचा विषय फक्त एकदा निघाला. हेडमास्तरांनी विचारलं, टीव्हीवर हे व्हिडिओचं जे चालतं ते बरं की वाईट. बाबा म्हणाले, "बरं हाये, पन लय वेळ लावते." मामाजी म्हणाले, "वाईट हाये, पन ठेवा लागते." दोघांनी बाजू बदलल्या होत्या की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

परत अकोल्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई दारातच होती. बाबा चपला काढता काढता तिला म्हणाले, "तो गोल माझा नव्हता."

"बरं," आई म्हणाली. "आता ज्याचा हाये त्याची बायको ऐकत बसन. च्या ठेवू काय?"

एवढ्यावर हे संपेल असं मला वाटलं होतं. पण बाबांनी स्वतःच तो व्हिडिओ जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "गोल अकरा नंबरचा. माझा नव्हता. माफी." दिवसभर हात जोडल्याची चित्रं आली. दोघांतिघांनी विश्वास ठेवला नाही, बॉल बाबांच्या केसांना लागलाच आहे असं ते अजूनही म्हणतात. संध्याकाळी नागपूरला स्थायिक झालेल्या अमरावतीच्या गोलकीपरनं लिहिलं की ऑफसाइडचं सोडा, बॉल येण्याआधी आपल्याला अकोल्याच्या सात नंबरनं धक्का दिला होता, म्हणजे तो फाउल होता, म्हणजे गोल तसाही होत नाही, आधीचा भाग टाका.

आधीचा भाग कॅसेटमध्ये नाही. ग्रुपवर तेव्हापासून जे सुरू झालं ते अजून सुरू आहे. परवा मामाजींनी चष्मा लावून, एका बोटानं, बराच वेळ घेऊन काहीतरी टाइप केलं आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं: "धक्का मी पाहिला होता. फाउल नव्हता. मी जवळ होतो."

"पाठवू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाठवा.